कार्ताहेना : दगडी तट आणि मेढेकोट

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा मी संगणकावर काहीतरी लिहावे अशी समितीची अपेक्षा दिसली. बावीस वर्षे तेच करते आहे, त्यामुळे त्यावर लिहायचा मला मनापासून कंटाळा आहे. शिवाय आपल्या इतिहासाच्या बाईंचे एक उत्तर माझ्याकडे बाकी आहे. नववीच्या सहामाहीत ‘वसईचा किल्ला मराठ्यांना का जिंकता आला?’ या प्रश्नाला मी ‘पोर्तुगीज भित्रे होते म्हणून’ असे लिहिले होते. बाईंनी त्यावर तांबडी रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले : ‘कोण म्हणाले?’ त्याच पेपरात ‘टिपा लिहा’मध्ये मेढेकोट होता. ती टीप मी सोडूनच दिली होती. दहावीनंतर सायन्सला गेले, पुढे इंजिनिअरिंग, आणि इतिहास सुटला तो सुटलाच.

मागच्या जानेवारीत कामासाठी तीन आठवडे कोलंबियात, बोगोटाला होते. शेवटी चार दिवस सुट्टी मिळाली. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच सांगितले, कार्ताहेना बघितल्याशिवाय जाऊ नकोस. बोगोटाहून विमानाने दीड तास. थंड डोंगरी शहरातून निघून कॅरिबियन समुद्राच्या काठी उतरले, तर दारातच वसईच्या मे महिन्यासारखी दमट हवा. घाम, खारा वारा, नारळाची झाडे. टॅक्सी वळली आणि समोर काळवंडलेला दगडी तट, त्यावर पुढे आलेले अणकुचीदार बुरूज. मला वाटले, हे मी पाहिलेले आहे.

वाटणे अगदीच खोटे नव्हते. स्पेनच्या पेद्रो दे एरेदियाने कार्ताहेना वसवले ते १५३३ साली. पोर्तुगिजांना गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली १५३४ मध्ये. एका वर्षाचे अंतर. पुढे १५८० नंतर पोर्तुगालची गादीही स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि साठ वर्षे गोवा, वसई, दमण आणि कार्ताहेना या सगळ्यांचा राजा एकच होता. या राजाला किल्ले बांधायला इटालियन माणसे लागत, कारण तोफांना तोंड देणारा तो कोनांचा बुरूज इटलीत तयार झाला होता. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू लपू शकतो. कोन काढला की शेजारच्या बुरुजावरून तिथे मारा करता येतो, लपायला जागा उरत नाही. १५८३ साली फिलिपने जोव्हान्नी बातिस्ता कैराती नावाचा मिलानचा अभियंता हिंदुस्थानात पाठवला. वसईच्या तटबंदीत त्याचा हात होता, मोंबासाचा किल्ला त्याचा, आणि तो वारला गोव्यात. तिकडे १५८६ मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेकने कार्ताहेना लुटले, जवळजवळ दोन महिने शहरात मुक्काम ठोकला, अर्धवट बांधलेल्या कॅथीड्रलवर तोफा डागल्या आणि १,०७,००० डुकाट खंडणी घेऊन गेला. मग राजाने तिथे पाठवला बातिस्ता अँतोनेल्ली. तोही इटालियनच. म्हणजे आपण सायकली टाकून ज्या बुरुजांवर बोरे खायचो, त्यांचे हे सख्खे चुलत भाऊ.

ड्रेक इतक्या लांब आला कशासाठी, तर दक्षिण अमेरिकेतली चांदी, सोने आणि पाचू स्पेनला न्यायची जहाजे या बंदरात येऊन थांबत. तट वाढत गेला तो त्या तिजोरीसाठी. स्पेनचा राजा एकदा महालाच्या खिडकीतून दुर्बीण लावून पश्चिमेकडे बघत होता आणि म्हणाला, एवढा खर्च झालाय तर ते तट इथून दिसायला हवेत, अशी एक गोष्ट तिथले गाइड हमखास सांगतात. दंतकथाच असणार, पण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असे बोलणारा एक वरिष्ठ असतो, म्हणून मला आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच सान फेलिपे किल्ल्यावर गेले. उशीर केला तर ऊन चढू देत नाही. शहराच्या मागच्या सान लासारो टेकडीला या किल्ल्याने जवळजवळ पूर्ण गिळले आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिरप्या भिंती, एकावर एक तोफांचे चौथरे, आणि पोटात भुयारे. खालचा चौथरा शत्रूच्या हाती पडला तर वरच्याला त्याच्यावर मारा करता यावा, अशी रचना आहे. एक थर गेला म्हणून सगळे गेले असे होऊ द्यायचे नाही, हे मी रोज ज्युनिअर मुलांना सांगते आणि ते रोज विसरतात. भुयारांत एका टोकाला हळू बोललेले दूरवर ऐकू जाते. एक कोलंबियन कुटुंब अंधारात आजोबांना हाका मारत होते. आजोबा ओ देत नव्हते आणि त्यांचे हसणे मात्र सगळ्यांना ऐकू येत होते.

किल्ल्याच्या पायथ्याशी ब्लास दे लेसोचा पुतळा आहे. एक पाय लाकडाचा, हातात तलवार. या स्पॅनिश दर्यासारंगाने १७०४ मध्ये एका लढाईत डावा पाय गमावला, नंतर एक डोळा, नंतर एक हात निकामी झाला, आणि हे सगळे पंचवीस-सव्वीस वर्षांचा होईपर्यंत. १७४१ च्या मार्चमध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन पावणेदोनशेहून जास्त जहाजे आणि खलाशी धरून वीस हजारांच्या वर माणसे घेऊन कार्ताहेनासमोर उभा राहिला, तेव्हा लेसोकडे सहा युद्धनौका होत्या आणि शहरात तीन-चार हजार लढणारे.

उपसागरात शिरायला त्या काळी दोन तोंडे होती. बोकाग्रांदे म्हणजे मोठे तोंड, ते तेव्हा गाळाने उथळ झालेले. आणि बोकाचिका म्हणजे छोटे तोंड, त्यावर किल्ले. इंग्रजांना बोकाचिका फोडायलाच दोन-तीन आठवडे लागले. लेसोने मागे हटताना स्वतःची जहाजे बुडवून वाट अडवली. बोकाचिका पडल्यावर व्हर्ननने विजयाची बातमी लंडनला धाडून दिली. तिकडे रोषणाई झाली आणि पदके पाडली गेली. त्यांवर लेसो व्हर्ननसमोर गुडघे टेकून बसलेला दाखवला आहे. त्यातल्या काहींवर त्याला दोन्ही पाय धडधाकट आहेत.

लढाई अजून संपलेलीच नव्हती. २० एप्रिलच्या पहाटे इंग्रज पायदळ सान लासारोच्या टेकडीवर चढले. सोबत आणलेल्या शिड्या तटापेक्षा आखूड निघाल्या. उजाडले तेव्हा शेकडो माणसे उघड्या उतारावर बंदुकांच्या टप्प्यात सापडली होती. इथे एक गोष्ट बरेच प्रवासी चुकीची समजून परत जातात. आज दिसणारा अवाढव्य किल्ला त्या दिवशी नव्हता. माथ्यावरचा छोटा कोट तेवढा होता. बाकीचे सगळे १७६२ नंतर आंतोनियो दे आरेवालो या अभियंत्याने वाढवले. म्हणजे इंग्रज हरले ते एका लहानशा कोटासमोर.

आणि खरे तर तेवढ्यानेही नाही. व्हर्नन आणि पायदळाचा सेनापती वेंटवर्थ यांचे आपसात पटत नव्हते. (लेसो आणि स्पॅनिश व्हाइसरॉय एस्लावा यांचेही पटत नव्हते, पण घरच्या भांडणाला घरचे छप्पर तरी असते.) पावसाळा जवळ आला आणि छावणीत पीतज्वर पसरला. तो डासामुळे होतो हे कळायला अजून दीडशे वर्षे जायची होती. गोळ्यांनी मेली त्याच्या कितीतरी पट माणसे तापाने मेली. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतून आलेल्या साडेतीन हजारांतले फार थोडे घरी परतले. परतणाऱ्यांत लॉरेन्स वॉशिंग्टन होता. त्याने आपल्या घराला अ‍ॅडमिरलचे नाव दिले, माउंट व्हर्नन, आणि ते पुढे त्याचा सावत्र भाऊ जॉर्ज याचे घर झाले. मे महिन्यात आरमार निघून गेले. लेसोही सप्टेंबरमध्ये वारला.

पदकांबद्दल वाचताना मला आमचा एक प्रोजेक्ट आठवला. सिस्टीम चालू होण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही केक कापला होता. त्यावर क्रीमने ‘यशस्वी’ असे लिहिलेले. पुढचे अकरा दिवस मी ऑफिसातच झोपले. केक ठरवणारी मीच होते, त्यामुळे व्हर्ननला फार हसायचा मला अधिकार नाही.

तर बाई, उत्तर. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि बरोबर दोन वर्षांनी मे १७४१ मध्ये कार्ताहेनाचा वेढा उठला. बुरूज एकाच जातीचे. मग एक पडला आणि एक टिकला, ते का? कार्ताहेनाच्या तटांना फक्त वेळ काढायचा होता. बाकीचे काम पाऊस, ताप आणि शत्रूची आपसातली भांडणे करणार होती. वसईत वेळ मराठ्यांच्या बाजूने होता. साष्टी आधीच, १७३७ मध्ये, घेतलेली होती. समुद्रावर आंग्र्यांची गलबते होती. खुद्द गोव्यावरही त्याच वेळी मराठी फौजा चालून गेल्यामुळे तिथून पुरेशी कुमक येणे कठीण झाले. तीन महिने मोर्चे लावून, सुरुंग पेरून बुरूज उडवले, तेव्हा कुठे वसई खाली झाली. आतले पोर्तुगीज ते तीन महिने लढत होते. भित्रे नव्हते. ते एकटे पडले होते आणि समोरच्यांनी त्यांना एकटे पाडायचे काम दोन वर्षे चिकाटीने केले होते. चिमाजीअप्पांची ती तोफेची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ होती, पण मला वाटते मोठेपण त्या दोन वर्षांच्या आखणीत जास्त आहे. पाच मार्कांपैकी किती द्याल ते कळवा.

व्हर्नन गेल्यावर स्पॅनिशांनी जे केले त्यातली एक गोष्ट बघायला मिळत नाही आणि तीच मला सगळ्यात आवडली. बोकाग्रांदेचे मोठे तोंड पुन्हा खोल होऊ लागले होते. आरेवालोने १७७१ ते १७७८ या काळात तिथे समुद्राच्या पाण्याखाली तीन किलोमीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत घातली, म्हणजे जहाजांना बोकाचिकाच्या अरुंद वाटेनेच यावे लागेल. आजही ती आहे. काठावर उंच उंच हॉटेले उभी आहेत आणि समोरच्या पाण्यात अडीचशे वर्षांपूर्वीचे काम मुकाट्याने चालू आहे.

आणि एवढे करून काय झाले? ११ नोव्हेंबर १८११ ला कार्ताहेनाने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले, आणि १८१५ मध्ये स्पेनच्याच मोरियोने शहराला साडेतीन महिने वेढा घातला. तट फोडायच्या भानगडीत तो पडला नाही. अन्न तोडले. हजारो माणसे भुकेने आणि रोगाने मेली. स्पेनने बांधलेल्या तटाच्या आत, स्पेनच्याच वेढ्यात. शहराला आज ‘ला एरोइका’, वीरांगना, म्हणतात ते या वेढ्यामुळे.

इथपर्यंतचे लिहायला सोपे होते. पुढचे लिहू की नको असा विचार करत दोन आठवडे गेले.

जुन्या शहरात घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत गेले की त्रिकोणी चौक लागतो, प्लासा दे लोस कोचेस. एका बाजूला कमानींखाली मिठाईवाल्या बसतात, काचेच्या बरण्यांत चिंचेचे गोळे, खोबऱ्याच्या वड्या. कोपऱ्यावर गाडीवाला कैरी चिरून मीठ-लिंबू लावून देतो. आंबा तिथे गेला आपल्याकडूनच, पोर्तुगीज जहाजांतून. मी कैरी खात उभी होते. निळे-पिवळे-लाल घेरदार झगे घातलेल्या, डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या काळ्या बायका तिथे फिरत असतात. कार्ताहेनाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर त्या असतात. मी एकीचा फोटो काढला. तिने पैसे मागितले. मी म्हटले, मी तर नुसता फोटो काढला, फळ कुठे घेतले? माझे मोडके स्पॅनिश तिला कळले असावे, कारण ती काही न बोलता हात पुढे करून उभी राहिली. मी चिडून नोट दिली आणि चांगला फोटो आला म्हणून ग्रुपवर टाकला. तुमच्यापैकी तेवीस जणांनी त्याला अंगठे दिले आहेत.

संध्याकाळी कळले की हा चौक गुलामांचा बाजार होता. स्पेनच्या अमेरिकेत आफ्रिकन गुलाम उतरवायची परवानगी ज्या मोजक्या बंदरांना होती, त्यांत कार्ताहेना मुख्य. १५९५ ते १६४० पर्यंत त्या व्यापाराचा मक्ता पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे होता, त्याच एका राजाच्या राज्यात. तटांचे दगड वाहणाऱ्यांत हीच माणसे होती. मी सकाळपासून भिंतीच्या कोनांचे कौतुक करत फिरत होते. कोन कोणी काढला हे मी वाचून गेले होते. दगड कोणी वाहिले हा प्रश्न मला दुपारपर्यंत पडलाही नाही.

जवळच सान पेद्रो क्लावेरचे चर्च आहे. हा स्पेनहून आलेला जेझुइट पाद्री १६१० मध्ये इथे पोचला आणि १६५४ मध्ये इथेच वारला. गुलामांचे जहाज आले की पाणी, फळे, औषधे घेऊन तो थेट तळघरात उतरायचा. स्वतःला आफ्रिकन माणसांचा कायमचा गुलाम म्हणवायचा. १८८८ मध्ये त्याला संतपद मिळाले. वेदीखाली काचेच्या पेटीत त्याच्या अस्थी आहेत. पण तिथे मला थांबवले ते वेगळ्याच गोष्टीने. क्लावेरला आफ्रिकेतल्या इतक्या भाषा येणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्यासोबत दुभाषे असत. हे दुभाषे स्वतः गुलाम होते, जेझुइटांच्या कॉलेजने विकत घेतलेले. भेदरलेल्या माणसाच्या कानावर पहिला ओळखीचा शब्द पडायचा तो त्यांच्या तोंडून. पेटी मात्र एकच आहे.

फळवाल्या बायकांना तिथे पालेंकेरा म्हणतात, म्हणजे पालेंकेच्या. चौथ्या दिवशी मी समुद्रकिनाऱ्याचा बेत रद्द करून सान बासिलिओ दे पालेंकेला गेले. शहरापासून पन्नास किलोमीटर. हमरस्त्यावर उतरायचे आणि पुढे मोटारसायकलवर मागे बसून जायचे. धुळीचे रस्ते, बुटकी घरे, चौकात बेंकोस बिओहोचा पुतळा, मनगटाला तुटलेल्या साखळ्या. हा माणूस सोळाव्या शतकाच्या अखेरीस गुलामीतून सुटून साथीदारांसह दलदलीच्या जंगलात गेला आणि तिथून त्याने इतका त्रास दिला की १६०५ मध्ये कार्ताहेनाच्या गव्हर्नरला त्याच्याशी तह करावा लागला. पुढे विश्वासघाताने पकडून १६२१ मध्ये त्याला फासावर चढवले. पण पळून गेलेल्यांच्या वस्त्या राहिल्या. पालेंकेशी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रीतसर समझोता झाला आणि तिथल्यांचे स्वातंत्र्य मान्य झाले. कोलंबियात गुलामगिरी बंद झाली १८५२ च्या पहिल्या दिवशी. म्हणजे हे गाव सव्वाशेहून अधिक वर्षे पुढे होते. तिथली भाषा स्पॅनिश शब्दांची, पण आत आफ्रिकेतल्या किकोंगोचे अंश असलेली. २००५ मध्ये युनेस्कोने गावाची संस्कृती मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवली. मूळ वस्तीतल्या बायका पळून जायच्या वाटांचे नकाशे मुलींच्या केसांत वेण्यांच्या रेघांनी घालत, असे गावात सांगतात. १९७२ मध्ये मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद कोलंबियाला पहिल्यांदा मिळवून देणारा ‘किड पाम्बेले’ याच गावचा आणि गावात वीज आली ती त्याच्यामुळे, हेही सांगतात.

पहाटे पाट्या घेऊन बायका शहराकडे जातात आणि रात्री परत येतात. गावाचा संसार कितीतरी वर्षे त्या पाट्यांवर चालला. एका ओट्यावर एक म्हातारी पाय पसरून बसली होती, शेजारी रिकामे ॲल्युमिनियमचे घमेले. मला आपल्या शाळेसमोरचा रस्ता आठवला. आपल्या वर्गातल्या एकीची आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मधल्या सुट्टीच्या वेळी तिथून जायची, आणि ती वहीत डोके खुपसायची. आपण काय करायचो ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला आठवत असेल. हसणाऱ्यांत मी होते. तू हे वाचत असलीस तर, मी मेळाव्याला दोन्ही दिवस आहे.

कार्ताहेनातला तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला. कोणी विचारले नाही.

गाव दाखवणारा मुलगा विशीतला होता. पालेंके या शब्दाचा अर्थ काय, असे मी विचारले. त्याने जमिनीवर काडीने उभ्या रेघा ओढल्या, शेजारी शेजारी, वर टोके काढलेल्या. पळून आलेल्यांकडे दगड नव्हता, गवंडी नव्हते, इटालियन अभियंता नव्हता. झाडे तोडून, खुंट तासून त्यांनी वस्तीभोवती उभे ठोकले. त्या कुंपणाचे नाव पालेंके, आणि त्यावरून गावाचे. मग त्याने विचारले, तुमच्या भाषेत याला काही शब्द आहे का?

मी म्हटले, आहे. मेढेकोट.

त्याने दोनदा म्हणून पाहिला. ‘ढ’ त्याला काही केल्या जमेना. मग त्याने फोन काढला, मी एकेक अक्षर सांगत गेले आणि त्याने ते त्याच्या पद्धतीने लिहून घेतले.